ब्लूटूथवर बोलावे की गाडी बाजूला घ्यावी?
घोडबंदरहून रोज बेलापूरला गाडी चालवत जाणाऱ्या भाच्याला हा प्रश्न पडला आहे. मोटार वाहन कायद्याचे कलम 184, 2019 च्या दुरुस्तीनंतर, हातात धरलेल्या फोनवर बोट ठेवते. म्हणजे दंडापुरते ब्लूटूथ सोयीचे, वेळही वाचतो. लक्षाचे गणित मात्र निराळे आहे: हात मोकळे असले तरी मन बोलण्यात गुंतते, आणि पाम बीच रोडवर ताशी 60 किलोमीटर वेगाने जाताना पुढच्याचे लाल दिवे दोन सेकंद उशिरा जाणवले, तर तेवढ्यात गाडी सुमारे 33 मीटर सरकलेली असते. थांबायचे तर पाच-दहा मिनिटे मोडतात, शिवाय माजिवड्याच्या पुलावर थांबणे हाही वेडेपणाच. ‘पोहोचतोय’ एवढेच सांगायचे असल्यास ब्लूटूथ चालेल. साहेबांशी हुज्जत घालायची असेल, तर गाडी सुरक्षित जागी उभी करूनच घालावी.