ल्हासा की शित्झू? केस मोजू नका, पंजा धरून बघा

गेल्या महिन्याभरात तिघांनी मला हाच प्रश्न विचारला. दोन बेडरूमचा फ्लॅट, घरात आजी, एक शाळकरी मूल, छोटं कुत्रं हवंय आणि केस न गळणारं हवंय, तर ल्हासा घ्यावा की शित्झू? मधूनच कुणी माल्टीज म्हणतं, कुणी पूडल. मी ठाण्यात राहतो. बारा वर्षं आमच्याकडे ल्हासा होता, खंडू. तो गेल्यावर ‘आता कुत्रं नको’ म्हणत दीड वर्ष काढलं आणि मग शेवंती आली. ती शित्झू, आता चार वर्षांची आहे. म्हणजे दोन्ही जाती घरात नांदवल्यात, पण प्रत्येकी एकच. तेवढं ध्यानात ठेवून वाचा.

आधी ‘केस न गळणारं’ म्हणजे काय ते. या कुत्र्यांचे केस गळतात, फक्त फरशीवर फार पडत नाहीत. अंगावरच्या लांब केसांतच अडकून राहतात. जे सोफ्यावर दिसलं असतं ते काखेत, कानामागे, पट्ट्याखाली साठतं आणि विंचरलं नाही तर चार दिवसांत त्याची जट होते. केस गाळणाऱ्या स्पिट्झवाल्यांच्या हातात झाडू, आमच्या हातात कंगवा. वेळ दोघांचाही तेवढाच जातो.

माल्टीज आणि पूडल पटकन उरकतो. माल्टीज माझ्या मेव्हणीकडे आहे. त्याला आतला लोकरी थर नसतो, रेशमासारखे एकेरी केस, त्यामुळे आंघोळीनंतर भराभर वाळतो. पण त्या पांढऱ्याशुभ्र तोंडावर डोळ्यांपासून खाली तांबूस ओघळ उतरतात. अश्रूंमध्ये पॉर्फिरिन नावाचं द्रव्य असतं, त्याचे ते डाग. मेव्हणीने सगळं करून पाहिलं, शेवटी केस वाढून कापले गेले की जेवढे जातात तेवढेच. शिवाय वजन जेमतेम तीन किलो, सोफ्यावरून उडी मारली तरी आपला जीव वर-खाली होतो. टॉय पूडल या सगळ्यांत हुशार, यात वादच नाही. मात्र त्याचे कुरळे केस वरून फुललेले दिसतात आणि आत कातडीलगत नमदा झालेला असतो. दर पाच-सहा आठवड्यांनी केस कापायचं मशीन चुकत नाही. ज्यांना घरी कंगव्याला हात कमी लावायचाय आणि पार्लरच्या बिलाची तयारी आहे, त्यांनी खुशाल पूडल घ्यावा.

आता मुख्य जोडी. दोघांचीही मुळं तिबेटची. ल्हासा मठांच्या आत राखणीला असायचा, तर शित्झूची जात चिनी राजवाड्यात मांडीवर घडली. इंग्लंडमध्ये सुरुवातीला दोघांना एकाच नावाखाली प्रदर्शनात उभं करत, १९३४ मध्ये त्यांना वेगळं केलं. आपल्याकडचे काही विक्रेते अजून १९३३ मध्येच आहेत. त्यामुळे पिल्लू बघताना कागदावरच्या नावाआधी नाक बघा. ल्हासाचं लांब, शित्झूचं चपटं. डोळेही शित्झूचेच जास्त मोठे आणि गोल.

केसांचाच हिशेब मांडायचा तर ल्हासा जिंकतो, हे प्रामाणिकपणे सांगतो. त्याचे केस जड, सरळ आणि राठ असावेत, लोकरीसारखे नकोत आणि रेशमासारखेही नकोत, असं जातीच्या वर्णनातच लिहिलेलं असतं. खंडूच्या पोटाला लागलेला चिखल वाळू द्यायचा, मग कंगवा फिरवला की माती झडून जायची. शेवंतीचे केस मऊ. ती नुसती गादीवर लोळली तरी काखेत गाठ. त्यातही आठ-दहा महिन्यांची असताना पिल्लाचे केस जाऊन मोठेपणीचे येत होते, तेव्हा सकाळी सोडवलेली जट संध्याकाळी परत हजर. तो काळ कुणी आधी सांगत नाही, म्हणून सांगून ठेवतो. बरेच लोक तेव्हाच कंटाळून पूर्ण गोटा करून आणतात. उन्हाळ्यातही तो करू नका, उघडी कातडी उन्हात भाजते. बोटाच्या एका पेराएवढे केस राहू द्यावेत.

डोळ्यांच्या बाबतीतही शित्झू मागेच. नाकावरचे केस वर आणि चहूबाजूंनी वाढतात, तोंड अगदी शेवंतीच्या फुलासारखं दिसतं (नाव तिथूनच आलं), आणि तेच केस डोळ्यांत जातात. दिवसातून दोनदा उकळून गार केलेल्या पाण्यात कापूस बुडवून चिपडं काढायची, हे आमच्याकडे देवपूजेसारखं ठरलेलं आहे. एकदा दोन दिवस चुकलं आणि बुबुळावर ओरखडा निघाला. दहा दिवस गळ्यात नरसाळं घालून ती प्रत्येक दाराला धडकत फिरत होती. अशा वेळी घरातला आपला आयड्रॉप घालू नका. त्यात स्टेरॉइड असलं तर जखम चिघळते.

उकाडा हा तिसरा मुद्दा. चपट्या नाकाच्या कुत्र्याला धापा टाकून अंग थंड करणं नीट जमत नाही. एप्रिल-मेमध्ये आम्ही सकाळी सातच्या आत फेरी आटोपतो आणि दुपारी तिच्यासाठी एसी लावतो. विजेचं बिल कुणाच्या नावावर टाकायचं यावर घरात चर्चा होते, एवढंच. नागपूर-अकोल्याकडचं कुणी विचारत असेल तर इथे मी जरा थांबेन आणि ल्हासाचंच नाव घेईन.

एवढं वाचून वाटेल की हा माणूस ल्हासाच घ्या म्हणतोय. नाही.

खंडू पंजाला हात लावू द्यायचा नाही.

सगळा घोळ इथे आहे. तो चावका नव्हता. पाठ विंचरा, शेपूट विंचरा, स्वामी डोळे मिटून बसायचे. कंगवा कोपराच्या खाली गेला की घशातून एक बारीक गुरगुर सुरू व्हायची, पुढचा पाय झटकन आत जायचा आणि ओठ वर. तुम्ही हट्ट धरलात तर तो दुप्पट धरायचा. दोन वर्षांचा असताना कानामागे जट झाली, ती मी स्वयंपाकघरातल्या कात्रीने कापायला गेलो. जटेत कातडी वर ओढली जाते आणि केस कुठे संपले, कान कुठे सुरू झाला ते कळत नाही. दोन टाके पडले. चूक शंभर टक्के माझी. पण त्यानंतर कानही बंद झाले, पंजे तर आधीपासूनच बंद होते. एका पार्लरने दुसऱ्या वेळी नम्रपणे नाही म्हटलं. शेवटची काही वर्षं डॉक्टरांकडे गुंगीचं इंजेक्शन देऊन वर्षातून दोनदा मशीन मारावं लागायचं. त्याचं बिल वेगळं, आणि म्हाताऱ्या कुत्र्याची मान हळूहळू खाली जाताना बघून पोटात गोळा यायचा तो वेगळा.

आणि ठाण्याचा पाऊस. जून ते सप्टेंबर दिवसातून तीन फेऱ्या म्हणजे तीन वेळा ओलं पोट आणि बारा ओले पंजे. ओल राहिली की बोटांच्या बेचक्यांत लाली, मग चाटणं, मग वास. त्याच बेचक्यांत गोचीड बसते. लांब केसांच्या कुत्र्याची गोचीड डोळ्यांना दिसत नाही, बोटांनीच शोधावी लागते. खंडूच्या बेचक्यांत माझी बोटं कधी पोहोचलीच नाहीत. एका ऑगस्टमध्ये त्याने दोन दिवस जेवण सोडलं, तपासणीत टिक फीवर, म्हणजे गोचिडीमुळे होणारा ताप निघाला, प्लेटलेट्स पार खाली. वाचला. डॉक्टरांनी सहज विचारलं, रोज पाय तपासता ना? मी मान हलवली ती कुठल्या दिशेने ते मलाच कळलं नाही.

शेवंतीचं संध्याकाळचं सांगतो. जुनी चादर अंथरली की ती स्वतः येऊन उताणी पडते. टॉवेलने पुसायचं नाही, दाबून टिपायचं, कारण घासलं की जट होते. मग गार हवेवर ब्लोअर. मग स्टीलचा कंगवा, टोकाकडून मुळाकडे, केसांची मुळं डाव्या हाताच्या चिमटीत धरून, म्हणजे ओढ कातडीला बसत नाही. गाठ आली तर चिमूटभर कॉर्नफ्लॉवर चोळायचं आणि बोटांनी फाकवत जायचं. आंघोळ यानंतरच, गुंता तसाच ठेवून पाणी घातलं की तो आवळतो. काखेशी आले की ती पाय आपणहून वर करते. चौथ्या पायापर्यंत घोरायला लागलेली असते. वीस मिनिटं, फार तर पंचवीस. पार्लरला सहा-सात आठवड्यांनी एकदा नेतो, पंधराशे रुपये जातात, तिथेही झोपते.

म्हणून माझ्या हिशेबात केस किती आणि कसे, यापेक्षा ते कुत्रं तुम्हाला करू किती देतं, हे मोठं. ज्या केसांना रोज हात लागतो ते मऊ असोत की राठ, निभतात. कदाचित खंडू एकटाच तसा असेल. माझ्या पहिल्या कुत्र्याच्या वेळचा अडाणीपणा मी त्याच्या जातीवर ढकलतोय, असंही कुणी म्हणेल आणि मला ते खोडता येणार नाही. लहानपणापासून पंजे हाताळून सवय लावलेला शांत ल्हासा मी पाहिलाय, आमच्याच बिल्डिंगमध्ये आहे. मात्र पार्लरमधल्या आमच्या ग्रूमरला विचारलं तर तो सांगतो, ल्हासाच्या दिवशी तो सोबत मदतनीस ठेवतो.

ल्हासाच घ्यायचा असेल तर पिल्लू बघायला जाल तेव्हा त्याचा पुढचा पंजा हातात धरा, बोटं हलकेच फाकवा आणि मनात दहा आकडे मोजा. थोडं चुळबुळ करून सैल सोडणारं पिल्लू घ्या. चौथ्या आकड्याला ताठ होऊन तुमच्याकडे रोखून बघणारं कितीही गोंडस दिसलं तरी खाली ठेवा. शित्झूच्या बाबतीतही हेच करा, आणि वर डोळे बघा.

आमच्या घरात शित्झूच्या बाजूने लागलेल्या या निकालावर एकमत नाही, हेही सांगायला हवं. बायकोच्या मते खंडू असताना दाराशी परका माणूस आला की घराला कळायचं. परवा कुरियरवाला आला तर शेवंती त्याच्या पायाशी जाऊन उताणी पडली आणि सवयीने एक पाय वर केला.