रोज अर्धा तास की शनिवारी सलग तीन तास? कम्युनिटी रेडिओवरचा जॅझ-ब्लूज आठवडा

बेळगावात कम्युनिटी रेडिओवर जॅझ आणि ब्लूज या अमेरिकी संगीतप्रकारांचा आठवडा करायचं मनात असेल, तर गाणी निवडायच्या आधी एक निर्णय घ्यावा लागतो. सात दिवस रोज रात्री अर्धा तास घ्यायचा, की शनिवारी संध्याकाळी सलग तीन तास? एकूण वेळ जवळपास सारखाच, पण श्रोता, तयारी, हक्कांचा हिशेब आणि बिघडण्याच्या जागा दोन्हीकडे वेगळ्या आहेत. पहिल्यांदाच करत असाल तर आमचं मत रोजच्या अर्ध्या तासाच्या बाजूने आहे.

आधी पोहोच बघा. कम्युनिटी रेडिओला साधारणपणे १०० वॅट प्रक्षेपणशक्ती आणि ३० मीटरपर्यंतचा मनोरा एवढीच परवानगी असते. त्यात दहा-पंधरा किलोमीटर नीट ऐकू येतं. म्हणजे शहर, शहापूर, वडगाव, अनगोळ, हिंडलगा, काकती, येळ्ळूर. खानापूर आणि निपाणी हिशेबात धरू नका. वडगाव-खासबागच्या यंत्रमागावर रेडिओ लावणारा श्रोता हवा असेल, तर संध्याकाळची वेळ टाळा. मागाच्या खडखडाटात ब्रशने वाजवलेला ड्रम आणि डबल बास बुडून जातात, कानावर येतो तो फक्त ट्रम्पेट. रात्री साडेनऊ, जेवणं आटोपल्यावर, ही वेळ या संगीताला मानवते.

रोजच्या पर्यायाचं खरं बळ असं की श्रोत्याला एका दिवशी एकच गोष्ट समजावता येते. समजावण्यासारखं तर भरपूर आहे, कारण इथला कान तालात मुरलेला आहे. बारा बारच्या, म्हणजे तालाच्या बारा विभागांच्या ब्लूजमध्ये प्रत्येक बार चार मात्रांचा, एकूण ४८ मात्रा. कडव्यात ओळी तीन: पहिली, तीच पुन्हा, आणि मग तिला उत्तर देणारी तिसरी. एका ओळीला चार बार, म्हणजे १६ मात्रा. सोळा मात्रांच्या त्रितालाची तीन आवर्तनं झाली की एक कडवं पुरं होतं. भजनी मंडळात टाळ धरणारा माणूस हे दोन कडव्यांत पकडतो.

मात्र तबलजीला बोलावून गाण्यावरच ठेका धरायला लावू नका. ब्लूजमध्ये बहुतेक वेळा मात्रा तीन भागांत तुटते आणि पहिले दोन भाग जोडून वाजतात. सरळ चालीचा ठेका त्यावर घसरतो. शिवाय त्रितालातली खाली (टाळीविना दाखवायची मात्रा) तिथे नसते. गाण्याआधी नुसत्या टाळीने एक कडवं मोजून दाखवा आणि मग गाणं लावा.

पहिलं उदाहरण निवडताना हमखास एक चूक होते. डब्ल्यू. सी. हँडींचं १९१४ सालचं ‘सेंट लुई ब्लूज’ सर्वांत प्रसिद्ध म्हणून तेच लावलं जातं. त्यात मध्येच सोळा बारचा वेगळा भाग येतो आणि मोजणारा श्रोता तिथेच चुकतो. रॉबर्ट जॉन्सनसारखे एकट्याने गिटारवर गाणारे गायकही सुरुवातीला नकोत. ते भावनेच्या ओघात एखादी मात्रा वाढवतात किंवा गाळतात. त्यापेक्षा ब्लूज गायिका बेसी स्मिथचं १९२७ सालचं ‘बॅक वॉटर ब्लूज’ घ्या. साथीला जेम्स पी. जॉन्सनचा एकटा पियानो, बारा बारची चौकट स्वच्छ, आणि विषय पुराचा. कृष्णा, घटप्रभा, मलप्रभेचा २०१९ चा पूर बघितलेल्या भागात या गाण्याचा अर्थ फोड करून सांगावा लागत नाही.

स्वरांसाठी दुसरा दिवस ठेवा. ब्लूजच्या नेहमीच्या पाच स्वरांचा, म्हणजे सा, कोमल ग, म, प आणि कोमल नी यांचा संच धानी रागाचा आहे. गाणारा कोमल गंधार लावतो तेव्हा खाली पियानो शुद्ध गंधाराचा मेळ धरून असतो, आणि ते घासणं हाच ब्लूजचा रंग. दोन्ही गंधार घेणारा जोग ज्याने ऐकलाय, त्याला तो रंग लगेच ओळखू येतो. हे सगळं शनिवारच्या तीन तासांत कोंबलं तर तासाभरात शिकवणी वाटायला लागते.

वेळेचं गणित असं. अर्ध्या तासात हाताशी २९ मिनिटं. ७८ आरपीएमच्या (मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या) जमान्यातली तबकडी एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं वाजते. सहा गाणी म्हणजे १८ मिनिटं. प्रत्येक गाण्याआधी मराठीत पाऊण मिनिट आणि कन्नडमध्ये पाऊण मिनिट बोललं तर नऊ मिनिटं. उरलेली दोन सुरुवात आणि शेवटाला. १९४८ साली एलपी, म्हणजे जास्त वेळ वाजणारी तबकडी आली, रचना लांबल्या आणि हे गणित मोडलं. जॅझ ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसच्या १९५९ च्या ‘काइंड ऑफ ब्लू’ या एलपीमधली पहिली रचनाच नऊ मिनिटांच्या वर आहे. अशा दिवशी दोन-तीनच रचना घ्या आणि निवेदन एकाच भाषेत ठेवा, मात्र कलाकारांची नावं दोन्ही भाषांत सांगा.

इथेच शनिवारचा पर्याय वरचढ ठरतो. अख्खी एलपी न तोडता लावता येते, आणि मुरलेल्या श्रोत्याला तेच हवं असतं. तयारीही कमी लागते. रोजच्या एका भागाला लेखन, ध्वनिमुद्रण आणि जोडणी मिळून चार-पाच तास जातात. सात भागांना तीसेक तास धरा. शनिवारी एक जाणकार निवेदक आणि यंत्राशी बसणारा एक माणूस एवढ्यावर भागतं. पण निवेदक आजारी पडला तर सगळाच कार्यक्रम पडतो. एप्रिल-मेमध्ये वळीव संध्याकाळीच गाठतो. एफएमला विजेची खरखर फारशी लागत नाही, पण वीज जाते. तीन तास टिकेल असा इन्व्हर्टर ट्रान्समीटरला आणि स्टुडिओला दोन्हीकडे हवा. गणेशोत्सवाचे दिवस आणि वैशाखातल्या शिवजयंतीच्या चित्ररथ मिरवणुकीचा आठवडा दोन्ही पर्यायांसाठी वगळा.

बाहेरच्या एखाद्या जॅझ स्टेशनचा तयार कार्यक्रम उचलून लावणं हा तिसरा पर्याय काहींना सुचतो. परवानगीशिवाय ते बेकायदा आहे, आणि कम्युनिटी रेडिओवर निम्मा तरी मजकूर स्थानिक असावा लागतो. सोडून द्या.

हक्कांचं काम कंटाळवाणं आहे, पण आठवडा अडतो तो इथेच. प्रत्येक गाण्यावर दोन थर असतात. ध्वनिमुद्रणाचा हक्क भारतात प्रसिद्धीच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं टिकतो. गीत-संगीताचा हक्क रचनाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. बेसी स्मिथ १९३७ साली गेली, तेव्हा तिने स्वतः रचलेल्या आणि तेव्हाच तबकडीवर आलेल्या गाण्यांचे दोन्ही थर मोकळे आहेत. जॅझ सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेनची १९६५ साली निघालेली एलपी ध्वनिमुद्रण म्हणून २०२५ अखेर मोकळी झाली, पण तो १९६७ साली गेला, म्हणून त्याच्या रचनांचा हक्क २०२७ अखेरपर्यंत आहे. वर्ष बघायचं ते मूळ प्रसिद्धीचं. सीडीवर बऱ्याचदा पुनर्मुद्रणाचं वर्ष छापलेलं असतं. कोल्ट्रेनचं १९६३ चं एक ध्वनिमुद्रण २०१८ मध्ये पहिल्यांदा बाजारात आलं, त्याची ६० वर्षं तिथून मोजायची.

ज्या गाण्यांचे हक्क बाकी आहेत, त्यांच्यासाठी मालकांशी करार करा किंवा कॉपीराइट कायद्याच्या कलम ३१ड खाली नोटीस देऊन ठरलेली रॉयल्टी भरा. ही नोटीस प्रसारणाच्या किमान पाच दिवस आधी, गाण्यांच्या तपशिलासह द्यायची असते. त्यामुळे शनिवारी ऐन वेळी फोनवर आलेली फर्माईश लावता येत नाही. रोजच्या पर्यायात यादी आधीच बंद झालेली असते. कार्यक्रम इंटरनेटवरही सोडायचा असेल तर थांबा: मुंबई उच्च न्यायालयाच्या २०१९ च्या निकालानुसार हे कलम इंटरनेटवरच्या प्रसारणाला लागू होत नाही.

गोव्याच्या वादकांसाठी एक दिवस ठेवणार असाल, तर हक्कांच्या याच कारणाने तो जपून बांधावा. चोर्ला घाट उतरला की जो मुलूख लागतो, तिथल्या वादकांनी मुंबईच्या सिनेसंगीतात जॅझ आणला. हळदोण्याचा ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट १९५१ च्या ‘अलबेला’त सी. रामचंद्रांच्या संगीतात आपल्या बँडसह दिसतो. हा दिवस श्रोत्यांना सर्वांत जवळचा वाटेल. ते ध्वनिमुद्रण मोकळं आहे, पण सी. रामचंद्र १९८२ साली गेले, म्हणून संगीताचा हक्क २०४२ अखेरपर्यंत शिल्लक आहे. परवाना घ्याच.

यंत्रांकडे दोनच गोष्टी बघा, पण आठवडा सुरू व्हायच्या आधी. आवाजाची पातळी आपोआप सारखी करणारं यंत्र बासच्या संथ सोलोत जुन्या तबकडीची खरखर वर ओढतं. त्याची उचल कमी करा आणि गती संथ ठेवा. दुसरी गोष्ट शांतता ओळखणाऱ्या यंत्रणेची. बोलण्यासाठी ती दहा सेकंदांवर लावलेली असेल, तर हळू वाजणाऱ्या भागाला ती बंद पडलेलं प्रक्षेपण समजते आणि भर सोलोत (एकट्याच्या वादनात) रिकामी जागा भरायला ठेवलेलं गाणं सुरू करते. ती पंचवीस सेकंदांवर न्या, मर्यादा उणे ५० डेसिबलच्या आसपास ठेवा, आणि आठवड्यातली सर्वांत हळू रचना एकदा पूर्ण वाजवून तपासा.

हाताशी तीस तास देणारी माणसं नसतील तर शनिवार घ्या, पण तीन तासांऐवजी दोनच, आणि पहिली वीस मिनिटं टाळी मोजायला ठेवा.