कुट्टी मशीन (चारा बारीक कापायचं, 2 एचपी), अनुदानावर घेतलेलं, दीड वर्ष वापरून लिहितोय

घेऊ का नको म्हणून बरेच जण विचारतात, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो. आमच्या चार एचएफ (होल्स्टीन जातीच्या) गाया, संगमनेर तालुका, तीन दुधात आणि एखादी आटलेली असं कायम चालू असतं. मशीनच्या आधी दोन्ही टाइमचं मिळून 38 लिटरच्या आसपास दूध डेअरीला जायचं.

सिंगल फेज मोटर आहे, घरच्या लाइटवर चालतं, त्यामुळं शेतीच्या लाइटची वाट बघत रात्री दोनला उठायचं काम नाही, हा सगळ्यात मोठा फायदा. पहिले आम्ही गव्हाणीत अख्खी मका टाकायचो. गाय लय हुशार, पानं पानं ओढून खाणार आणि धांडा पायाखाली तुडवणार, रोज दोन पाट्या उकिरड्यावर. आता इंच-दीड इंचाचे तुकडे पडतात, निवडायला काय राहतच नाही, गव्हाण चाटून साफ. चारा तेवढाच टाकतो पण पोटात जास्त जातोय. दीड महिन्यात दूध 42 वर गेलं. आता खरं सांगायचं तर त्याच टायमाला मी गायांना 24 तास पाण्याचा हौद पण केला, म्हणून सगळं श्रेय मशीनला देत नाही, पण उकिरड्यावर जाणाऱ्या पाट्या बंद झाल्या हे तर डोळ्यानं दिसतंय ना.

तक्रारी पण आहेत. पाती सहा महिन्यात बोथट झाली, मग मका कापायच्या ऐवजी चेंगरायला लागलं, धार लावून आणली तरी पहिल्यासारखी नाही. नेपियर गवत ओलं असलं की बेल्ट घसरतो. आणि चारा टाकायचं तोंड आखूड आहे, हात आत जायची भीती वाटते, मी वेल्डिंगवाल्याकडून दीड फूट पत्रा वाढवून घेतला. कंपनीनंच द्यायला पाहिजे होता. लहान पोरांना जवळ येऊ देऊ नका.

आता अनुदान. महाडीबीटीवर (सरकारच्या ऑनलाइन पोर्टलवर) अर्ज, तेव्हा लॉटरी होती (2025 पासून ती बंद करून आधी अर्ज त्याला आधी असं केलंय). छोट्या शेतकऱ्याला 50 टक्के म्हणतात, पण पैसे आधी सगळे आपणच भरायचे, तेही पूर्वसंमती आल्यावरच. आधी मशीन आणलं की अनुदान गेलं, शेजाऱ्याचं असंच झालं. मग बिल अपलोड, मग गोठ्यात येऊन तपासणी, मग पैसे. माझे 29 हजार गेले, आले निम्म्यापेक्षा जरा कमी, आणि तेही पाच महिन्यानी. तोपर्यंत ते 29 हजार पतसंस्थेचं व्याज खात होते. ज्याच्याकडं आधी भरायला पैसे नाहीत त्याला ही योजना नुसती बघायला.

तरी पण हे अनुदान मला दुधाच्या अनुदानापेक्षा भारी वाटतं. 2024 मधी सरकारनं गायीच्या दुधाला लिटरला 5 रुपये दिले, ऑक्टोबरपासून 7 केले, 3.5 फॅट 8.5 एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) पाहिजे, गायीच्या कानात 12 आकडी टॅग पाहिजे, आधारला जोडलेलं खातं पाहिजे. सगळं होतं माझ्याकडं. पण एका गायीनं लिंबाला कान घासून टॅग तोडला, नवा मारला तर नंबर वेगळा, डेअरीवाल्यानं भरला जुनाच, आणि माझा हप्ता अडकला. तीन चकरा मारल्या. डेअरीचं नाव नाही लिहीत, रोज दूध तिथंच घालायचंय.

हिशोब करा, 38 लिटरला 5 रुपये म्हणजे दिवसाला 190, महिन्याला 5700. आमच्याकडं गोळी पेंडीचं पोतं साडेसोळाशेला, म्हणजे साडेतीन पोती पण पुरी होत नाहीत. आणि पैसे आले तेव्हा पेंडवाल्याची मागची उधारी होतीच, सरळ तिकडं गेले. नाही म्हणत नाही, भाव पडला होता तेव्हा त्या पैशानं तगलो, नाहीतर एका गायीला बाजार दाखवावा लागला असता. पण त्यानं दूध अर्धा लिटर वाढलं नाही. वाढणार कसं, पैसे कधी येणार माहीत नसलं की माणूस त्याच्यावर कालवड घेत नाही, मुरघासाचा (चारा मुरवून साठवायचा) खड्डा करत नाही, फक्त उधारी भागवतो.

मशीनला पाचपैकी चार. एक स्टार पाती आणि त्या तोंडाचा कापला. घेणार असाल तर दुकानदाराकडून जीएसटीचं पक्कं बिलच घ्या, त्याच्यावर मशीनचा नंबर नीट वाचून बघा, माझ्या बिलात एक आकडा चुकला होता आणि त्या एका आकड्यापायी अर्ज वीस दिवस माघारी पडून होता. जास्तीचा पात्याचा एक सेट तेव्हाच मागून घ्या, नंतर मिळायला आठ दिवस लागतात आणि तेवढे दिवस परत कोयत्यानं.