शेततळं की समतल चर?

पाऊस लहरी झालाय. पडला की धो-धो, नाहीतर महिनाभर दडी. मग गावाने पैसा आणि घाम कुठे घालायचा?

शेततळं दिसायला छान. 30 बाय 30 मीटर, 3 मीटर खोल, उतरत्या काठांच्या खड्ड्यात सुमारे 22 लाख लिटर पाणी मावतं. डाळिंबाची बाग उन्हाळ्यात तरते. गोम अशी की प्लास्टिक अंथरलेली बरीच तळी पावसाने नव्हे, विहिरी-बोअरच्या पाण्याने भरतात. म्हणजे सगळ्यांचं भूजल उपसून एकाच्या तळ्यात. भरलेल्या तळ्यातून उन्हाळ्यात रोज 8 मिलिमीटर पाणी उडालं तरी 7,200 लिटर गेले. पाणी सावलीतून काढून उन्हात ठेवायचं, हा कुठला न्याय?

समतल चर म्हणजे उताराला आडवे, एकाच पातळीत खणलेले चर. ते दिसतच नाहीत, दोन पावसाळ्यांत गवताखाली जातात. पातळी शोधायला ए-फ्रेम: दोन काठ्या, मध्ये खूण केलेली आडवी काठी, वरून दोरीला दगड. तो खुणेवर स्थिरावला की फक्की टाकायची नि खणायचं. टेकडीवरचं पाणी थबकतं, मुरतं, खालच्या विहिरींना लागतं. अर्थात कुणाच्या, ते सांगता येत नाही. भांडणं तिथेच.

नगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजार गावाने पोपटराव पवारांच्या नेतृत्वाखाली चर खणलेच, शिवाय शेतीसाठी बोअर बंद केले आणि दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडून पिकं ठरवली. हे जमणार असेल तर माझं मत चरांना. ग्रामसभेला दहा डोकीही येत नसतील, तर प्लास्टिकविना, ओढ्याच्या वाहत्या पाण्यावर भरणारं शेततळं बरं.