डिझेल हीटरच्या नावाखाली १,४२,००० गेले, गाडीत बसवायच्या आधी वाचा

आधी आकडा सांगतो. १,४२,००० रुपये. ५१,००० ॲडव्हान्स युपीआयने, माल आला म्हणून ७१,००० परत युपीआयने, आणि फिटिंगचे २०,००० रोख. एवढ्यात माझ्या गुरखा गाडीत जो 'जर्मन' डिझेल हीटर (गाडीत झोपताना डिझेल जाळून गरम हवा देणारं मशीन) बसला तोच डबा, फक्त वरचं स्टिकर नसलेला, ऑनलाइन १३,८०० ला मिळतो. पैशाचं दुःख आहेच, पण त्या माणसाने जे काम केलं त्यात आमचा जीव गेला असता, म्हणून लिहितोय.

माणूस कसा भेटला हे वेगळं सांगायला नको. ऑफरोडवाल्यांचा व्हॉट्सॲप ग्रुप, कोणीतरी नंबर टाकतो, चार जण अंगठे देतात. लडाखचे फोटो, बसवलेल्या गाड्यांचे व्हिडिओ, 'अधिकृत इन्स्टॉलर' छापलेलं कार्ड. मी डोळे झाकून पैसे दिलेले नाहीत. बिल मागितलं, सिरियल नंबर मागितला, त्याच्या दोन जुन्या गिऱ्हाइकांशी फोनवर बोललो, आता खात्री आहे की ते दोघे त्याचेच होते. आणि स्वस्त मिळतंय म्हणून धावलो असंही कोणी म्हणू नये. बायको आणि मुलगी गाडीत झोपणार, हिवाळ्यात स्पितीला जायचंय, स्वस्तातला डबा नकोच म्हणून मी दहापट मोजायला तयार झालो. या लोकांना असंच गिऱ्हाईक हवं असतं, काळजीपोटी जास्त देणारं.

आता तो क्षण. अजून रात्री आठवला की डोकं फिरतं. आमचं ठरलं होतं २ किलोवॅटचं मशीन, कोटेशनवर तसंच लिहिलेलं. फिटिंग चालू असताना कंट्रोलरवर ८ आकडा दिसला म्हणून मी विचारलं, तर गाडीखालूनच म्हणाला, "साहब, आपको तो अपग्रेड दे दिया, दो के दाम में आठ किलोवॅट." आणि लगेच पुढे, "रातभर में दो लिटर डिझेल, बस." एका दमात दोन्ही वाक्यं! एक लिटर डिझेल जळलं की साधारण १० युनिट (किलोवॅट-तास) उष्णता मिळते. खरंच ८ किलोवॅट असतं तर तासाला जवळपास लिटरभर डिझेल लागलं असतं, दहा तासांच्या रात्रीला आठ-दहा लिटर. दोन लिटरात रात्र निघते म्हणजे मशीन दोनच किलोवॅटचं काम करतंय. त्या एका वाक्यात सगळा खोटेपणा उघडा पडला होता आणि तो माझ्या कानावरून गेला. पण मला सांगा, माणूस पाना घेऊन तुमच्या गाडीखाली झोपलाय, ५१,००० आधीच गेलेत, दारात सामान पडलंय, अशा वेळी कोण कॅल्क्युलेटर काढून बसतं? दुसरं म्हणजे डबा सीलबंद नव्हता. "कस्टम्सवाले उघडतात." हेही पटण्यासारखंच होतं. तुम्ही तरी ऐकू नका, सील तुटलेलं असेल तर तिथेच परत पाठवा, आणि ८ किलोवॅट म्हणून त्याच छोट्या आकाराचं मशीन कोणी देत असेल तर समजून जा.

पुण्यात चालवून बघितला तेव्हा गरम हवा मस्त येत होती. हिमाचलात स्पितीच्या वाटेवर काल्पाला, जवळपास ३,००० मीटरवर, रात्री कार्बन मोनॉक्साइडचा (जळणातून निघणारा विषारी वायू) अलार्म बोंबलायला लागला. हा अलार्म बायकोने २,३५० ला आग्रहाने घेतलेला, नाहीतर आज हे लिहायला मी नसतो. मुलगी संध्याकाळपासून डोकं दुखतंय, मळमळतंय म्हणत होती आणि आम्ही सगळे म्हणत होतो की उंचीमुळे असेल. नीट लक्षात घ्या, विरळ हवेचा त्रास आणि या वायूचा त्रास सुरुवातीला सारखाच वाटतो, आणि वायूला वास नाही. अलार्म नसेल तर हीटर लावून झोपूच नका. खिडकी थोडी उघडी ठेवली की झालं, असंही समजू नका.

सकाळी रेकाँग पिओच्या मेकॅनिकने सीट काढली. एक्झॉस्टच्या पाइपला गाडीच्या आत, सीटखाली जोड दिलेला, त्यावर क्लॅम्पच नाही, म्हणजे वायू गाडीतच. खरं तर आत फक्त मशीन असतं, एक्झॉस्ट आणि जळणासाठीची हवा दोन्ही पत्र्याखालून बाहेर जायला पाहिजेत आणि दोघांची तोंडं लांब लांब पाहिजेत. डिझेलचा पंप आडवा बांधलेला, तो तिरका हवा, बाहेर जाणारं तोंड वर, म्हणजे हवेचे बुडबुडे अडकत नाहीत. वायरिंग कटऑफ स्विचवरून घेतलेलं, स्विच मारला की एकदम बंद. हा हीटर बंद करताना काही मिनिटं पंखा चालू राहून मशीन गार व्हावं लागतं. आणि स्टिकर? उष्णतेने सुटून आलं, खाली दुसराच नंबर.

परत आल्यावर चौकी. "साहेब, वस्तू मिळाली ना? मग हे दिवाणी मॅटर." बनावट माल अस्सल सांगून विकला, पोरीचा जीव धोक्यात घातला, आणि हे दिवाणी! दुसरे म्हणाले तो परराज्यातला आहे, तिकडे जा. झिरो एफआयआर कुठल्याही ठाण्यात नोंदवता येतो, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३ मी प्रिंट काढून नेलं, तर तो कागद वाचायचीही कोणाची तयारी नव्हती. भारतीय न्याय संहितेत फसवणुकीचं कलम ३१८ आहे, सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे, आणि यांना मला चहा पाजून घरी पाठवायचंय. बँक म्हणते पैसे तुम्हीच पाठवलेत, पिन तुम्हीच टाकलात, डिस्प्यूट बसत नाही. प्रत्येक टेबलावर मीच आरोपी असल्यासारखे प्रश्न, बिल का नाही घेतलं, रोख का दिले. अहो, बिल "दोन दिवसांत मेल करतो" म्हणाला, म्हणून नाही. कर भरतो आम्ही, आणि तक्रार घ्या म्हणून हात जोडायचे पण आम्हीच.

शेवटी ग्राहक आयोगात केस टाकली. २०१९ च्या कायद्यात आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, विक्रेत्याच्या गावी जावं लागत नाही, ५ लाखांपर्यंत फी नाही. वकिलाशिवाय होतं. मेकॅनिककडून लेखी घ्या, जुना पाइप फेकू नका, सीट काढतानाचा व्हिडिओ ठेवा. रोख तर देऊच नका, माझ्या २०,००० चा पुरावा आज कुठेही नाही.

त्या माणसाचा नंबर अजून चालू आहे आणि डीपीला माझ्याच गाडीचा फोटो आहे. गेल्या दीड-दोन वर्षांत घरी येऊन हीटर बसवून देणाऱ्या कोणाकडूनही काम करून घेतलं असेल तर आजच सीट काढा, खाली जोड आहे का बघा, आणि असेल तर दुरुस्त होईपर्यंत हीटरचा फ्यूज काढून ठेवा.