पत्ता खामल्याचा, मुक्काम देशभर: नागपुरातील एका वाहननोंदणी सल्लागाराच्या सेवेचा अनुभव

निवृत्तीनंतर त्रिमूर्तीनगरातला फ्लॅट विकून आम्ही दोघे वर्षातले दहा महिने व्हॅनमध्ये राहू लागलो. फ्लॅटबरोबर आपला कायदेशीर पत्ताही गेला, हे मात्र फार उशिरा ध्यानात आले. आरसी (गाडीचे नोंदणीपत्र), विमा, आधार, सगळीकडे जुनाच पत्ता होता. अखेर गिरीपेठेत आरटीओजवळ बसणाऱ्या एका सल्लागाराकडे हे काम सोपवले. कायम प्रवासात राहणाऱ्या इतरांना उपयोग व्हावा, म्हणून त्या सेवेविषयी लिहीत आहे.

सल्लागारांची मोठी जमेची बाजू अशी की, पैसे मिळत असूनही त्यांनी नको ते काम घेतले नाही. देशभर फिरायचे म्हणजे राज्य बदलले तरी नव्याने नोंदणी न लागणारा बीएच (भारत) मालिकेचा क्रमांक हवा, अशी आमची समजूत होती. सप्टेंबर २०२१ पासून सुरू झालेली ही मालिका संरक्षण दले, सरकार आणि सार्वजनिक उपक्रमांतील कर्मचारी, तसेच चार किंवा अधिक राज्यांत कार्यालये असलेल्या खासगी कंपन्यांतील नोकरदार यांच्यासाठी आहे, हे त्यांनी पहिल्याच भेटीत स्पष्ट केले. ओळखीच्या कुणाचाही पत्ता लावून देण्यासही त्यांनी ठाम नकार दिला. मोटार वाहन कायद्याच्या कलम ४० प्रमाणे मालकाचा निवास किंवा व्यवसाय जिथे आहे आणि गाडी एरवी जिथे ठेवली जाते, त्या राज्यातच नोंदणी असावी लागते. म्हणून खामल्यात थोरल्या दिरांच्या घरातली एक खोली आम्ही रीतसर नोंदवलेल्या भाडेकरारावर घेतली. उरलेले दोन महिने आम्ही तिथेच राहतो आणि व्हॅनही त्याच अंगणात उभी असते.

पत्ता बदलल्यापासून ३० दिवसांत कळवायचे असते. आमची ती मुदत उलटून गेली होती, ही चूक आमचीच. पत्ताबदलाच्या अर्जाचा नमुना ३३ भरून झाल्यावर सल्लागारांचा मुलगा भर उन्हात व्हॅनखाली शिरला, चेसिस क्रमांकावर पातळ कागद धरून त्याने पेन्सिल घासली, आणि एक आकडा पुसट उमटला म्हणून तो ठसा पुन्हा घेतला. एवढ्या काळजीने केलेले काम मी क्वचितच पाहिले आहे. दुसऱ्या एकाच राज्यात १२ महिन्यांहून अधिक काळ गाडी राहिली तर तिथला क्रमांक घ्यावा लागतो, हेही त्यांनी आवर्जून सांगितले आणि गाडी कधी कुठे होती याचा पुरावा म्हणून फास्टॅगचे (टोलचे) उतारे जपून ठेवायला लावले.

उणीव राहिली ती शेवटच्या टप्प्यात. नवी आरसी टपालाने येते आणि ती घ्यायला घरी कुणीतरी असावे लागते, हे सल्लागारांनी सांगितलेच नाही. आम्ही कोकणात होतो, दीर-जाऊबाई मुलीकडे गेल्या होत्या, आणि पाकीट परत गेले. ते मिळवण्यासाठी नागपूरला यावे लागले. फिरणाऱ्या माणसांचे काम घेणाऱ्याने हा प्रश्न सर्वांत आधी विचारायला हवा होता. विम्याच्या पॉलिसीवरचा पत्ता बदलायचेही राहून गेले होते. ते आम्हीच करून घेतले. सरकारी शुल्क आणि सल्लागारांचे शुल्क यांचा वेगवेगळा हिशेब मागितल्यावरच मिळाला.

तरीही पुढच्या वर्षी व्हॅनला १५ वर्षे पूर्ण होतील, तेव्हा नोंदणीच्या नूतनीकरणासाठी आम्ही त्यांच्याकडेच जाणार आहोत. मात्र टपाल कोण घेणार, हे दिरांशी आधी ठरवूनच.