१०२ डॉलर २५ सेंट गेले, आणि हातात आली घरी राइट केलेली डिस्क

जुन्या पिच्चरच्या डिस्का गोळा करणाऱ्यांनी हे वाचाच, त्यातही अमेरिकेत विकत घेऊन भारतात कुणाला तरी पाठवणाऱ्यांनी तर नक्कीच. पिच्चर कुठला, तर 'कॉटन कम्स टू हार्लेम', १९७० चा. त्यात एक भोंदू रेव्हरंड, म्हणजे पाद्री, हार्लेमच्या, म्हणजे न्यूयॉर्कमधल्या काळ्यांच्या वस्तीतल्या गोरगरिबांना आफ्रिकेला परत नेतो म्हणून जहाजाचे पैसे गोळा करतो, ८७ हजार डॉलर, आणि ते कापसाच्या गाठीत गायब होतात. म्हणजे फसवणुकीवरचा पिच्चर घेताना मी फसलो. हा विनोद बायकोने करून झालाय, परत कुणी करू नका.

घेतला होता नागपूरच्या मामांसाठी. १९७२ ला मुंबईत दलित पँथर निघाली तेव्हा मामा कॉलेजात होते, पँथर हे नाव अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून आलं हे मला लहानपणी त्यांनीच सांगितलेलं. काळ्या लोकांबद्दल मराठीत इंग्रजीत मिळेल ते वाचतात, पण पिच्चर बघायला मिळत नाहीत. आणि हा कसला पिच्चर आहे! चेस्टर हाइम्सच्या कादंबरीवरचा, ऑसी डेव्हिसचा दिग्दर्शक म्हणून पहिला, दोन काळे डिटेक्टिव्ह, ग्रेव्हडिगर जोन्स आणि कॉफिन एड, शूटिंग खरोखरच्या हार्लेमच्या रस्त्यांवर, हाणामारी आणि कॉमेडी एकदम, आणि तोही 'शाफ्ट' या काळ्या डिटेक्टिव्हच्या गाजलेल्या पिच्चरच्या एक वर्ष आधी. मामांच्या वाढदिवसाला सीलबंद ओरिजिनल द्यायची असं ठरवलं. स्ट्रीमिंगचं पासवर्ड बिसवर्ड त्यांना जमत नाही.

विकणारा एका कलेक्टर लोकांच्या साइटवर भेटला. ब्लू-रे, म्हणजे डीव्हीडीच्या वरची डिस्क, सीलबंद, "आता छापत नाहीत" म्हणे, किंमत ७९ डॉलर. मग मेसेजमध्ये म्हणाला साइटच्या बाहेर पेमेंट कर, मित्राला पाठवतात तसं, मला कमिशन पडत नाही, तुला ७४ ला देतो. वर याच जोडीचा दुसरा पिच्चर, 'कम बॅक, चार्ल्सटन ब्लू', त्याची डीव्हीडी २२ ला. पोस्टेज ६ डॉलर २५. टोटल १०२.२५. रुपयात करून बघा, साडेआठ हजाराच्या वर जातात. मला पाच डॉलरची हाव सुटली असं बायको म्हणते, पण तसं नव्हतं हो, तो माणूस ज्या पद्धतीने पिच्चरबद्दल बोलत होता, रेड फॉक्सचा भंगारवाला काका कसा भाव खाऊन जातो वगैरे, त्यावरून कुणालाही वाटलं असतं की हा आपल्यातलाच आहे.

आता खरी चीड येते ती पुढच्या गोष्टीची. मी त्याला स्पष्ट विचारलं होतं, डिस्क भारतात चालेल का? कारण एका रिजनची, म्हणजे विभागाची, डिस्क दुसऱ्या रिजनच्या प्लेअरवर चालत नाही, आणि ब्लू-रेला अमेरिका रिजन ए आणि भारत रिजन सी, हे मला पाठ आहे, याआधी एकदा असाच घोळ झालाय. तो म्हणाला रिजन फ्री आहे, कुठेही चालते. आणि मी चक्क खूश झालो! अरे, किनो लॉर्बर या कंपनीने २०१४ ला काढलेली ती डिस्क, ती रिजन ए. ओरिजिनल असेल तर नागपूरच्या प्लेअरवर चालायलाच नको, आणि चालणार असेल तर ती ओरिजिनल नाही. उत्तर त्याने स्वतःच माझ्या हातात दिलं होतं. मी "ग्रेट, थँक्स" लिहून पैसे सोडले. रात्री झोपताना ते "ग्रेट, थँक्स" आठवतं आणि डोकं फिरतं. बरं, खात्री करायला मी तरी काय करणार होतो, गिफ्ट द्यायची सीलबंद वस्तू कुणी फोडून बघतं का?

सील म्हणजे काही नसतं, हे लक्षात ठेवा. गरम हवेने प्लास्टिक चढवायचं मशीन कुणीही घेऊ शकतं.

पाकीट आलं, ब्लू-रे होती, डीव्हीडी नव्हती. ती "वेगळी पाठवली" म्हणाला, ट्रॅकिंग नंबर दिला, ट्रॅकिंगवर 'डिलिव्हर्ड' आलं, आमच्याच झिपकोडमध्ये, पण माझ्या पत्त्यावर नाही! ही युक्ती बऱ्याच जणांना माहीत असेल, रिकामं पाकीट त्याच झिपमधल्या भलत्याच घरी टाकायचं म्हणजे कागदोपत्री माल पोचला. तोपर्यंत ब्लू-रे माझ्या चुलतभावाच्या बॅगेतून नागपूरला गेली होती.

मामांनी चार मित्र बोलावले, चिवडा केला, सील फोडलं आणि मला व्हिडिओ कॉल लावला. निळ्या डब्यात साधी राइट करायची डीव्हीडी, खालून जांभळी. वरचं चित्र प्रिंटरवर काढून चिकटवलेलं, मामांच्या बोटाला शाई लागली. चालली मात्र, रिजनबिजन काही अडलं नाही! "अरे हे तं टीव्हीवरून भरलेलं दिसून राहिलं," मामा म्हणाले, "कोपऱ्यात चॅनेलचा शिक्का आहे ना बाप्पा." गाडीतून कापसाची गाठ खाली पडते तिथे पिच्चर अडकला तो अडकलाच. मित्रांसमोर मामा "जाऊ दे रे, चिवडा तं झाला" म्हणून हसले, मला इकडे कॅमेरा बंद करावा लागला.

मग तक्रारींचा फेरा. साइट म्हणते पेमेंट आमच्या बाहेर केलंत, आमचा संबंध नाही. पेमेंटचं ॲप म्हणतं तुम्ही मित्राला पैसे पाठवलेत, खरेदीचं संरक्षण लागू नाही. मित्र! बँकेची बाई म्हणाली व्यवहार तुम्ही स्वतः मंजूर केलाय, चोरी कुठे झाली? पोस्टाच्या काउंटरवरचा माणूस म्हणाला पाकीट कुठल्या घरी पडलं ते सांगता येत नाही, प्रायव्हसी आहे, म्हणजे माझ्या नावाने काढलेल्या नंबरची माहिती मलाच नाही. ऑनलाइन फॉर्म भरला, त्याला मशीनचं उत्तर आलं, सोबत पुन्हा एक फॉर्म. शेवटी पोलीस स्टेशन. तिथल्या ऑफिसरने पिच्चरचं नाव दोनदा विचारलं, बाजूच्याला सांगितलं, दोघं हसले, मग म्हणाले हे दिवाणी प्रकरण आहे, स्मॉल क्लेम्स कोर्टात, म्हणजे छोट्या रकमेच्या दाव्यांच्या कोर्टात, जा. कुणावर दावा लावू, त्याचं खरं नावच माहीत नाही, ते शोधून काढणं तुमचं काम ना? तर म्हणे, नकली डिस्क देशाबाहेर तुम्हीच पाठवलीत ना, जरा जपून बोला. म्हणजे आरोपी मीच! एवढ्या वेळात ग्रेव्हडिगर आणि कॉफिन एडनी त्या विकणाऱ्याला कॉलर धरून उभा केला असता, पण ते पडले पिच्चरमधले पोलीस.

फीडबॅक बघताना तो विकल्याबद्दलचा आहे की घेतल्याबद्दलचा ते बघा, याचे सगळे चांगले शेरे पाच-सात डॉलरच्या वस्तू घेतल्याचे होते, ते मला नंतर दिसलं. डिस्कच्या मागच्या बाजूचा फोटो मागा, आणि सोबत कागदावर आजची तारीख लिहून. "सील तुटेल" असं म्हणाला तर नको म्हणा. जांभळा तळ म्हणजे नकलीच असंही नाही, काही कंपन्या ऑर्डर आल्यावर राइट करून कायदेशीर विकतात, पण ब्लू-रेच्या डब्यात डीव्हीडी कुणी विकत नाही. पेमेंट क्रेडिट कार्डनेच करा, ते पाच डॉलर जाऊ देत.

त्याचं खातं आता वेगळ्या नावाने चालू आहे, फोटो तोच लावलाय: हिरव्या चौकड्यांच्या चादरीवर ठेवलेला डबा, कव्हरचा उजवा कोपरा दुमडलेला. यावेळी भाव ८५ डॉलर. याच्याकडून कुणी घेतलं असेल तर पेमेंटचा स्क्रीनशॉट मला पाठवा, एकट्याच्या तक्रारीला साइट विचारत नाही, चार-पाच एकदम गेल्या तर निदान खातं तरी बंद करतील.